बोलनळीचं खालचं तोंड

मित्रांनो, देवानं माणसाला तोंड एक दिलं आणि कान दोन. तांबटानं मला तोंडं दोन दिली आणि सांगितलं, हेच तुझे कान. त्यातलं वरचं तोंड तुमच्यासमोर या भिंतीवर आहे, धोतऱ्याच्या फुलासारखं पसरलेलं, पितळेचं, कडेला जरा चेपलेलं. दुसरं तोंड समुद्राच्या तळाशी आहे. मधलं सत्तर फुटांचं अंग कुठं गेलं, ते मला ठाऊक नाही. तुम्ही माझ्या या तोंडात "हॅलो" म्हणता आणि हसत पुढं जाता. तुमचा आवाज हातभर आत जातो, भिंतीच्या गिलाव्याला लागतो आणि तिथंच थांबतो. त्यात तुमची काही चूक नाही.

माझ्याखाली एक पाटी आहे. "बोलनळीचे तोंड. पितळ. हात लावू नये." एवढ्यात माझं सगळं आयुष्य आटोपलंय. म्हणून म्हटलं, बाकीचं आपणच सांगावं.

माझा जन्म बंदराजवळच्या एका तांबटाच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, दोन भट्ट्या आणि कोपऱ्यात त्याचं बिऱ्हाड. नळी वाकवणं सोपं नसतं बरं का. तशीच वाकवली तर कोपऱ्यात दबते, आणि दबलेल्या जागी आवाज अडतो. म्हणून तांबट माझ्या पोटात वितळलेली राळ ओतायचा, ती गार होऊन घट्ट झाली की मला मांडीवर आडवं घ्यायचा आणि हळूहळू वळवायचा. लहान मुलाला आंघोळ घालताना जसा मानेखाली हात असतो, तसा त्याचा हात माझ्या वळणाखाली असे. मग पुन्हा शेक देऊन तो राळ काढून टाकायचा. अशी त्यानं मला नऊ वळणं दिली.

सगळे तुकडे जोडून झाल्यावर त्यानं मला शेडभर पसरलं, एका टोकाशी स्वतः बसला आणि दुसऱ्या टोकाशी आपल्या धाकट्या मुलीला बसवलं.

"बोल काहीतरी," तो ओरडला.

पोरीला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात तिला आठवलं. ती माझ्या तोंडाशी तोंड आणून म्हणाली, "बाबा, आई म्हणते जेवण गार होतंय."

"ऐकलं," तांबट दुसरीकडून म्हणाला. "आलोच."

माझ्यातून गेलेला हा पहिला निरोप. पुढं तासाभरानं त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आलोच म्हणजे नक्की कधी ते एकदा सांगून ठेवा. म्हणजे त्या हिशेबानं चूल पेटवीन." तो नुसता हसला. 'आलोच' हा शब्द असा मला जन्माबरोबर मिळाला.

मग मला एका फ्रिगेटवर बसवलं. फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराची, चपळ युद्धनौका. मोठ्या लढाऊ जहाजांसारखा तिचा तोरा नसतो. तेव्हा युद्ध पेटलं होतं. धान्य, औषधं आणि तेल घेऊन व्यापारी जहाजं तांड्यानं समुद्र ओलांडायची, आणि पाण्याखाली पाणबुड्या त्यांच्या वाटेवर टपून बसलेल्या असायच्या. आमच्या फ्रिगेटचं काम त्या तांड्याभोवती फिरत राहायचं. कोण मागं पडलं, कोण बाजूला सरकलं, कोणाच्या धुरांड्यातून नको तेवढा धूर येतोय, सगळीकडं डोळा. घरात तीन मुलं असलेल्या बाईचा जीव जसा एका जागी बसत नाही, तसा तिचा बसत नसे.

माझं वरचं तोंड ब्रिजवर होतं. ब्रिज म्हणजे जहाजाची सर्वांत वरची खोली. तिथून कप्तान जहाज चालवतो. तिथून मी लोखंडी शिडीच्या कडेकडेनं खाली उतरत गेले, स्वयंपाकघराच्या भिंतीला खेटून, आणखी खाली, थेट इंजिनखोलीपर्यंत. वर माझं अंग गार असे, स्वयंपाकघरापाशी कोमट आणि खाली चटका बसेल इतकं तापलेलं. एकाच अंगानं मला तीन ऋतू कळायचे.

माझे नियम दोनच होते. दोन्ही तोंडांत पितळी शिट्टीची बुचं. वरच्यानं आपलं बूच काढून फुंकर मारली की खालची शिट्टी वाजायची. मग खालचा आपलं बूच काढून कान लावायचा. बोलणं झालं की दोघांनी बुचं परत लावायची. हा पहिला नियम. दुसरा कप्तानसाहेबांचा. ऐकणाऱ्यानं ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. "वेग अर्धा" असा हुकूम आला तर खालून "ऐकलं, वेग अर्धा" असं उत्तर गेलंच पाहिजे. कप्तानसाहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, "परत न बोललेला हुकूम म्हणजे न दिलेला हुकूम."

खाली माझ्या तोंडाशी मोठे मिस्त्री असायचे, इंजिनखोलीचे मुख्य. वय पन्नाशीचं. तीस वर्षं इंजिनांच्या धडधडाटात काढल्यामुळं त्यांचा डावा कान पार गेला होता. उजवा तेवढा शाबूत होता आणि तो ते माझ्या तोंडाला लावायचे. त्या कानावरचे केस मला गुदगुल्या करत. वर माझ्याशी सर्वांत जास्त बोलायचा तो बावटेवाला. बावटे हलवून आणि दिवे उघडझाप करून दुसऱ्या जहाजांशी बोलायचं हे त्याचं काम. माणूस तिशीचा, बारीक, आणि जिभेला हाड नाही.

"इंजिनखोली, वर काय छान ऊन पडलंय! वाटीभर पाठवू का नळीतून?"

"पाठव. आणि इथली बादलीभर वाफ घेऊन जा. तोंड शेकून निघेल तुझं."

"मिस्त्री, तुम्हाला कधी समुद्र दिसतो का हो?"

"दिसायला लागला की समज, बुडालो."

दोघं एकमेकांचे कोणी नव्हते. तरी रोज एकदा असं बोलल्याशिवाय दोघांनाही करमत नसे. गंमत म्हणजे बावटेवाला इंजिनखोलीत कधीही उतरला नव्हता. मिस्त्री बोलवायचे, खालचे लोक चिडवायचे, "वरच्या पाखराचे पाय काळे होतील!" तो म्हणायचा, "मी वरचा माणूस. मला वरच राहू द्या."

खरं कारण मला एकटीला माहीत होतं. एकदा ब्रिजवर दुसरं कोणी नसताना, शिट्टी न वाजवता, म्हणजे खालचं बूच बंदच राहील अशा बेतानं, तो माझ्या तोंडात अगदी हळू बोलला. लहानपणी तो धान्याच्या कोठीत लपून बसला होता आणि वरून झाकण पडलं होतं. अर्ध्या दिवसानं सापडला. तेव्हापासून खाली उतरायची शिडी आणि डोक्यावर झाकण दिसलं की त्याचा श्वास कोंडायचा. हे त्यानं मला सांगितलं, वरचं बूच लावलं आणि शीळ घालत दुसरीकडं गेला. मित्रांनो, मी निरोप पोचवणारी. पण तो निरोप कोणाला पोचवायचा नव्हता, म्हणून तो माझ्याकडंच राहिला.

मी युद्ध पाहिलं नाही. मी ते ऐकलं. एकदा तांड्यातलं एक तेलवाहू जहाज पेटलं आणि त्यावरची माणसं पाण्यात उड्या टाकू लागली. जवळच पाणबुडी होती. थांबलो तर आपण जाणार, पुढं गेलो तर ती माणसं जाणार. कप्तानसाहेब माझ्या तोंडाशी आले.

"मिस्त्री, इतकं हळू जायचंय की पाण्यातल्या माणसाला दोर धरता आला पाहिजे. आणि मी म्हणेन त्या क्षणी पळता आलं पाहिजे. जमेल?"

"ऐकलं. दोर धरता येईल इतकं हळू, म्हणाल तेव्हा पळायचं. जमवतो, साहेब."

पाऊण तास ते दोघं माझ्यातून बोलत होते. कप्तानसाहेबांचा आवाज एकदाही हलला नाही, पण त्यांचं बोट माझ्या कडेवर सारखं टकटक करत होतं. हे फक्त मला कळलं. एकेचाळीस माणसं वर ओढली. बंदरावर पोचल्यावर आरमाराचे सर्वांत मोठे साहेब जहाज बघायला आले. कप्तानसाहेबांनी त्यांना सगळं दाखवलं आणि शेवटी माझ्यावर थाप मारून म्हणाले, "आणि ही आमची नळी. हिच्यावाचून ते जमलं नसतं." त्या दिवशी मला लिंबू आणि राखेनं घासलं होतं. माझ्यात तोंड दिसत होतं.

पुढं जहाज दुरुस्तीला गेलं आणि तिथं ब्रिजवर टेलिफोन आला. काळा, चकचकीत. उचलला की खालचा लगेच बोलायचा. फुंकर नको, बूच नको, वाकून कान लावणं नको. त्याच्यावर माझा राग नव्हता, तोही बिचारा आपलं काम करत होता. पण मला घासणं आधी आठवड्यावर गेलं, मग महिन्यावर, मग बंदच झालं. पितळेला हात लागला नाही की ते कळकतं. माझ्या कडेला हिरवट डाग पडले. ज्या गोष्टीचं काम संपतं तिचं एकतर खेळणं होतं किंवा अडगळ. माझं आधी खेळणं झालं.

एका वादळी दिवशी बावटेवाल्याच्या हातात मगभर उरलेला गार चहा होता. बाहेर फेकायला जावं तर वाऱ्यानं तो अंगावरच आला असता. त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं बूच काढलं आणि फुंकर मारली. खाली मिस्त्रींना वाटलं, इतक्या दिवसांनी नळी वाजली, म्हणजे नक्कीच तातडीचं काम. त्यांनी धावत येऊन बूच काढलं आणि आपला उजवा कान लावला.

बावटेवाल्यानं चहा ओतला.

मला तो थांबवता आला नाही. नऊ वळणं होती माझ्याकडं, पण चहाला वळणाचं काय! खाली इंजिनखोलीतली माणसं हसून हसून लोळली. वर बावटेवालाही हसला. मिस्त्री हसले नाहीत. कान दुखायला लागला. दोन दिवस जहाजाचे डॉक्टर त्यात थेंब घालत होते, आणि ते दोन दिवस मिस्त्रींना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. उरलेला कानही जातो की काय, म्हणून मिस्त्री घाबरले. घाबरलेल्या माणसाचा राग फार मोठा असतो.

"एकच कान उरलाय माझ्याकडं," ते म्हणाले. मग त्यांनी तेल पुसायची एक जाड चिंधी घेतली, पिळून माझ्या खालच्या तोंडात बोटभर आत कोंबली आणि वरून बूच ठोकलं. "बोल आता हवेशी."

त्यांनी वंगण घालणाऱ्या माणसाकरवी वर निरोप धाडला. स्वयंपाकघराशेजारच्या जेवणाच्या खोलीत त्यानं बावटेवाल्याला गाठलं.

"मिस्त्रींनी नळीत चिंधी कोंबलीय. म्हणालेत, माफी मागायची तर खाली येऊन माग."

"मागेन की," बावटेवाला म्हणाला. "इथं भेटले की मागतो."

"इथं नाही. खाली. तुझे पाय काळे झालेले बघायचेत त्यांना."

बावटेवाला हसला, पण ते हसणं अर्ध्यावर राहिलं. "उद्या जातो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो शिडीच्या तोंडापर्यंत आला. माझं अंग तिथूनच खाली उतरतं, म्हणून मला कळलं. त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, थांबला, आणि परत फिरला. तिसऱ्या दिवशीही तसंच. कप्तानसाहेबांना चिंधीचं कोणी सांगितलं नाही. सांगायचं कारण काय? टेलिफोन चालू होता. चालू असलेल्या गोष्टीमागं बंद पडलेली गोष्ट दिसत नाही.

चौथा दिवस उजाडला तो अगदी शांत. समुद्र ताटात ओतल्यासारखा. तांडा सुखरूप बंदराशी पोचला होता. धान्याचं एक म्हातारं जहाज तेवढं मागं रेंगाळलं होतं, म्हणून त्याला आणायला आमची फ्रिगेट मागं वळली. सकाळचे दहा वाजले असतील. किनारा दिसत होता. ब्रिजवर कोणीतरी म्हणालंसुद्धा, "चला, आज बंदरावर न्हावी गाठायचा."

तेवढ्यात पाणतीर लागला. पाणबुडीनं पाण्याखालून सोडलेला स्फोटाचा बाण म्हणजे पाणतीर. तो मागच्या अंगाला लागला. माझं सबंध अंग घंटेसारखं झणझणलं. दिवे गेले, भोंगा गेला, टेलिफोन गेला. जहाज एका बाजूला कलायला लागलं. मागं जखम इतकी मोठी होती की कप्तानसाहेबांना निर्णय घ्यायला वेळ लागला नाही. "जहाज सोडा," असं त्यांनी सांगितलं आणि ते तोंडातोंडी वरच्या मजल्यांवर पोचलंही.

पण इंजिनखोली खाली होती. तिथं सात माणसं होती, आणि ब्रिजचा हुकूम आल्याशिवाय इंजिनखोली सोडायची नाही असा नियम होता. वाफ आहे तोवर पंप चालतात आणि पंप चालतात तोवर जहाज तरतं, हे मिस्त्रींना माहीत होतं. ते अंधारात कंदील लावून पंप चालवत होते आणि हुकमाची वाट बघत होते.

कप्तानसाहेब माझ्याकडं वळले. किती महिन्यांनी! त्यांनी बूच काढलं आणि जोरानं फुंकर मारली. ती चिंधीला लागून फिरली आणि त्यांच्याच तोंडावर आली.

"इंजिनखोली! जहाज सोडा. सगळे वर!"

मित्रांनो, तो हुकूम माझ्या नऊही वळणांतून नीट गेला. नवव्या वळणाच्या पुढं, तोंडापासून बोटभर आत, तेलात भिजलेल्या चिंधीत तो रुतला. पलीकडं एका हातावर मिस्त्री उभे होते. मला त्यांची धाप ऐकू येत होती.

"इंजिनखोली! ऐकलंत का? परत बोला!"

कोणी परत बोललं नाही.

"खाली कोणी उरलं नसेल, साहेब," एक अधिकारी म्हणाला.

"आहेत," बावटेवाला म्हणाला. त्याचा आवाज मी ओळखला नाही, इतका तो वेगळा होता. "सगळे आहेत, साहेब. नळीत चिंधी आहे."

"चिंधी?"

"माझ्यामुळं. मी चहा ओतला होता, म्हणून मिस्त्रींनी... मी जातो खाली. मला जाऊ द्या."

मग कप्तानसाहेब म्हणाले, "जा. चिंधी काढ, आणि एकेक माणूस शिडीवर चढला की तिथूनच मला मोजून सांग. सगळे निघाले कळल्याशिवाय मी इथून हलत नाही."

तो धावत शिडीपाशी आला. आणि थांबला. खाली काळोख होता, आणि वर लोखंडी झाकण. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, तोकडा, घशात अडकणारा. मग त्याचा हात माझ्यावर आला. मी शिडीच्या कडेनंच उतरले होते ना, तर त्यानं मला दोरासारखं धरलं आणि उतरायला लागला. "वरचा माणूस, वरचा माणूस," असं तो पुटपुटत होता. स्वयंपाकघराच्या कोमट भिंतीपाशी तो पुन्हा थांबला, हाताची मूठ माझ्यावर आवळली आणि पुन्हा निघाला. त्या हाताला सुटलेला घाम मला अजून आठवतो.

खाली पोचला तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं.

"मिस्त्री! हुकूम आहे. सगळे वर!" त्यानं त्यांच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं.

"टेलिफोन गेला की हुकूम नळीतून येतो," मिस्त्री म्हणाले. नियमाचा माणूस तो.

"नळीत तुमची चिंधी आहे, मिस्त्री!"

मिस्त्री नळीसमोरून बाजूला झाले. बावटेवाल्यानं माझं बूच उपटलं, दोन बोटं घालून चिंधी ओढून काढली आणि माझ्या खालच्या तोंडाला आपलं तोंड लावलं. इतकी वर्षं त्याचा आवाज माझ्यातून वरून खाली जायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदा खालून वर गेला.

"ब्रिज! इंजिनखोलीनं ऐकलं. सगळे वर."

"शाबास," कप्तानसाहेब म्हणाले. "मोज."

"एक निघाला, साहेब. दोन. तीन."

शिडी अरुंद होती आणि जहाज कललेलं, त्यामुळं एकेकालाच चढता येत होतं. पाणी गुडघ्यावर आलं. "चार. पाच. सहा."

"आता तू चढ," मिस्त्री म्हणाले. "इंजिनखोलीतून शेवटी मी निघतो. आजवर तसंच झालंय."

"आज मोजणारा शेवटी. साहेबांचा हुकूम आहे. चढा, मिस्त्री, मला इथं फार वेळ थांबवू नका. माझे पाय काळे होतायत."

मिस्त्रींनी शिडीला हात घातला. बावटेवाला त्यांच्या उजव्या कानाशी वाकला. "ते चहाचं राहिलंय, मिस्त्री."

"आधी वर ये. मग बघतो तुझ्याकडं."

"सात निघाले, साहेब!" बावटेवाला माझ्यात ओरडला. "सातवे मिस्त्री!"

"आणि आठवा?"

"आलोच, साहेब."

कप्तानसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सवयीनं वरचं बूच लावलं. बोलणं संपलं की बूच लावायचं, असा नियमच होता. बावटेवाल्याचा हात पुन्हा माझ्यावर आला. एक पायरी. दोन. तीन. आता त्याचा श्वास अडत नव्हता. उतरताना ज्याचा श्वास कोंडतो, त्याला चढताना बरं वाटत असेल.

तेवढ्यात मागची लोखंडी भिंत फुटली आणि सगळा समुद्र एकदम आत आला. त्याचा हात माझ्यावर होता. मग नव्हता.

इंजिनखोलीत पाणी भरलं तशी तिथली हवा वाट फुटेल तिकडं पळाली. एक वाट मी होते. ती हवा माझ्या नऊ वळणांतून वर आली आणि ब्रिजवरची शिट्टी वाजली. लांब, एका दमात, कोणी खालून बोलावावं तशी.

कप्तानसाहेबांनी झडप घालून बूच काढलं. "बोला! ब्रिज ऐकतोय."

हवा आली. तेलाचा वास आला.

"बोला. ब्रिज ऐकतोय. बोल ना रे."

मग माझ्यातून थेंबभर खारं पाणी त्यांच्या गालावर उडालं. अधिकाऱ्यांनी त्यांना दंडाला धरून ओढून नेलं, तेव्हाही त्यांचा एक हात माझ्या कडेला होता. मागं राहिलेल्या त्या म्हाताऱ्या धान्याच्या जहाजानं सगळ्यांना पाण्यातून उचलून घेतलं. आम्ही ज्याला आणायला निघालो होतो, त्यानंच आमच्या माणसांना घरी नेलं. इंजिनखोलीतले सातही जण त्यात होते.

फ्रिगेट उथळ पाण्यात बसली. तिच्याबरोबर मीही. वर्षं गेली. किती, ते तिथं कळत नाही. माझ्यात पाणी उभं होतं, आणि पाण्यातून माणसाचा आवाज येत नाही. एक छोटा खेकडा वरच्या तोंडाशी राहायला आला होता. तो शेजारी म्हणून बरा होता, पण बोलका नव्हता.

युद्ध संपल्यावर बंदराच्या वाटेत अडथळा नको म्हणून पाणबुड्यांनी, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी, जहाजाचा वरचा भाग कापून काढला. त्यात माझं हे तोंड आणि हातभर नळी निघाली. भंगारवाल्याच्या ढिगात मी बरेच दिवस एका तुटक्या सायकलीखाली होते. मग हे संग्रहालय झालं, आणि कोणीतरी मला या भिंतीत बसवलं. खालचं तोंड तिथंच राहिलं.

एका दुपारी काठी टेकत एक म्हातारा आला आणि सरळ माझ्याकडं चालत आला. इथं राखण करणाऱ्या बाई खुर्चीतून ओरडल्या, "आजोबा, हात लावायचा नाही! पाटी वाचली नाही का?" त्यांनी ऐकलंच नाही. बाईंनी जवळ येऊन पाटीकडं बोट दाखवलं.

"वाचली," ते म्हणाले. "कान गेलेत, डोळे आहेत अजून. बाई, ही नळी माझ्या ओळखीची आहे."

आवाज म्हातारा झाला होता, पण मी ओळखला. मोठे मिस्त्री. त्यांनी खिशातून एक फडकं काढलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी घाबरले. ते फडकं आत जाणार असं मला वाटलं. पण त्यांनी ते बोटाला गुंडाळलं आणि माझ्या कडेवरचा हिरवा डाग पुसायला लागले. बाईंनी थोडा वेळ पाहिलं, आणि मग त्या परत जाऊन खुर्चीत बसल्या.

तेव्हापासून मिस्त्री दर मंगळवारी यायचे. पुसायचे, आणि पुसून झालं की माझ्या तोंडाशी वाकून बोलायचे. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण हळू बोलतोय असं वाटतं, पण ते सगळ्या दालनात ऐकू जायचं. दर वेळी तेच बोलायचे.

"चहाचं केव्हाच माफ केलं होतं रे. दुसऱ्याच दिवशी राग गेला होता. चिंधी तेवढी काढायची राहिली."

मग ते उजवा कान माझ्यावर ठेवायचे. तो कान आता इतर सगळ्यांसाठी गेलेला होता. बराच वेळ ठेवायचे. आणि मी काय करणार? निरोप पोचवणं हे माझं काम. हा निरोप खाली द्यायचा होता, आणि माझं खालचं तोंड माझ्याजवळ नव्हतं. त्यांचं वाक्य हातभर आत यायचं, गिलाव्याला लागायचं आणि थांबायचं.

गेल्या थंडीपासून मिस्त्री आलेले नाहीत. पहिला मंगळवार गेला तेव्हा वाटलं, सर्दी झाली असेल. दुसरा गेला, तिसरा गेला. मग बाईंनी त्यांचं फडकं धुऊन माझ्या शेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलं. ते अजून तिथंच आहे. माझ्या कडेला डाग पुन्हा यायला लागलेत, खाली डावीकडं बघा, दिसतील.

मित्रांनो, तुम्ही भांडाल. भांडा. पण राग गेला की त्याच दिवशी चिंधीही काढा, कारण राग गेलेला समोरच्याला दिसत नाही, चिंधी मात्र जागेवर असते. आणि कोणाला "आलोच" म्हणालात, तर या.

आता जाता जाता ते फडकं घ्या. पाटीचं बाईंवर सोपवा, त्या ओरडणार नाहीत. दोन बोटं फिरवा माझ्या कडेवरून, आणि झालं की कान लावा. माझ्या पोटात मिस्त्रींचा निरोप कधीचा अडकून पडलाय, तो आता तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला तो कुठं पोचवायला मी सांगत नाही. फक्त परत बोलून दाखवा, म्हणजे तो दिल्यासारखा होईल. "ऐकलं," एवढं म्हणा.